कुत्र्यामांजरांच्या खोडी

घरांत कुत्रें आणलें म्हणजे पहिले पंधरा दिवस कौतुकाचे जातात आणि पुढचे पंधरा दिवस तक्रारींचे. चपला कुरतडल्या, सतरंजी ओली केली, शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलाच्या अंगावर धांवून गेलें, रात्रभर भुंकून आळी जागी ठेवली, अशी यादी वाढत जाते; आणि मग ‘हें जनावरच मुळीं वाईट निघालें’ असा निवाडा देऊन घरचीं माणसें मोकळीं होतात. ह्या निवाड्याचा शेवट पुष्कळदां फार वाईट होतो. एखादे दिवशीं पहांटे गळ्यांत अजून पट्टा असलेलें तें कुत्रें विजापूर रस्त्यावर किंवा होटगी रस्त्यावर, गांवाच्या वस्तीपलीकडे सोडून दिलें जातें. ताटलींतील अन्नावर वाढलेल्या त्या प्राण्याला ना उकिरडा धुंडाळतां येतो, ना रस्त्यावरच्या टोळीशीं झुंजतां येतें. पाळलेला प्राणी अशा रीतीनें टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पण हा कायदा मोडणाऱ्या बहुतेकांना आपण कांहीं मोडलें याची जाणीवहि नसते. म्हणून ज्या खोडींमुळें ही पाळी येते त्या मुळांत काय आहेत, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, ज्याला घरधनी खोड म्हणतो तें जनावराच्या दृष्टीनें बहुधा त्याचें नित्याचें काम असतें. कुत्र्यानें उकरावें, चघळावें, अनोळखी माणसाची वर्दी द्यावी. मांजरानें नख्या घांसाव्यात, उंच जागीं चढावें, रात्रीं जागावें. चार ते सहा महिन्यांच्या पिलाचे दुधाचे दांत पडून नवे येत असतात, तेव्हां त्याच्या हिरड्या शिवशिवतात आणि त्याला कांहींतरी चावावयास लागतेंच. घरांत चावण्याजोगी वस्तु दिली नाहीं, तर तें आपली वस्तु आपण निवडतें, आणि धन्याच्या घामाचा वास असलेल्या चपलेहून प्रिय वस्तु त्याला दुसरी कोणती असणार?

परंतु संवय आणि आजार यांतील भेद आधीं पाहिला पाहिजे. वर्षानुवर्षें शहाणें असलेलें जनावर एकाएकीं बदललें, तर तें ‘बिघडलें’ असें न म्हणतां त्यास प्रथम पशुवैद्याकडे न्यावें. कान सडला असतां कुत्रें डोक्यावर हात ठेवूं देत नाहीं; दाढ दुखत असतां ताटलीपाशीं गुरगुरतें; सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला जिना उतरवत नाहीं म्हणून तें दारांतच घाण करतें. बारा-तेरा वर्षांच्या कुत्र्याला माणसाप्रमाणेंच बुद्धिभ्रंशहि होतो. तें रात्रीं उगाच फिरतें, ओळखीच्या कोपऱ्यांत अडकून उभें राहतें. अशा जनावराला मारणें म्हणजे आजोबांना विसराळूपणाबद्दल मारण्यासारखें आहे.

प्राणी शिकतो कसा, याचा शोध शास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच घेतला. अमेरिकेंतील थॉर्नडाइक यानें १८९८ सालीं मांजरें पिंजऱ्यांत कोंडून दाखवून दिलें कीं, धडपडींत ज्या हालचालीनें दार उघडतें तीच हालचाल मांजर पुढें लवकर लवकर करूं लागतें. ज्यांनीं कांहीं साधत नाहीं त्या गळून पडतात. रशियांतील पावलोव्ह, ज्यास १९०४ चें नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल मिळालें, त्याच्या प्रयोगांतील कुत्र्यांच्या तोंडास अन्नाच्या आधीं ऐकूं येणाऱ्या खुणेनेंच लाळ सुटूं लागली. ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या तर घरांतील निम्म्या खोडींचा उलगडा होतो.

टपालवाल्याचेंच उदाहरण घ्यावें. तो रोज फाटकाशीं येतो, कुत्रें भुंकतें, आणि तो निघून जातो. तो दुसऱ्या घरीं पत्रें द्यावयाचीं म्हणून जातो हें कुत्र्यास काय ठाऊक? त्याच्या हिशेबीं आपण भुंकलों म्हणून शत्रु पळाला. रोज एक लढाई आणि रोज एक विजय! हल्लीं पत्रें कमी झालीं, पण घरपोंच सामान आणणाऱ्या मुलांची ये-जा दिवसांतून चार वेळां होऊं लागली. म्हणजे विजयहि चौपट झाले. अशा वेळीं आंतून ‘गप्प बस!’ म्हणून ओरडण्याचा उपयोग नसतो, कारण कुत्र्याला वाटतें, धनीहि आपल्याबरोबर भुंकत आहे. उपाय असा कीं, फाटकावरून रस्ता दिसणार नाहीं असा आडोसा करावा, आणि घंटा वाजतांच कुत्र्यानें आंतल्या चटईवर जाऊन बसलें तर भाकरीचा तुकडा मिळतो, ही नवी गांठ त्याच्या मनांत बांधावी. घरांतीलच माणसानें बाहेर जाऊन घंटा वाजवीत दिवसांतून पांच-सहा वेळां हा पाठ घ्यावा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसूं लागतो.

जेवतांना ताटाशीं येऊन केविलवाणें पाहणें ही खोड तर घरची माणसेंच शिकवितात. आई नको म्हणते, बाबा नको म्हणतात, पण आजी आठ दिवसांतून एकदां हळूच पोळीचा तुकडा टाकते. रोज देण्यापेक्षां हें अधूनमधून देणेंच अधिक घट्ट संवय लावतें. सोडतीचें तिकीट घेणाऱ्या माणसाचेंहि असेंच होतें. म्हणून घरांत एकच नियम हवा, आणि तो आजीलाहि लागू हवा.

पिलूं घरीं केव्हां आणावें आणि आणल्यावर त्याला काय काय दाखवावें, ह्यावर त्याचा पुढला सारा स्वभाव अवलंबून असतो. स्कॉट व फुलर ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं अनेक वर्षें पिलें वाढवून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा कुत्र्याच्या आयुष्यांत ओळखीपाळखीचा काळ होय. त्या काळांत जें त्याच्या सुखाच्या अनुभवांत आलें, तें पुढें जन्मभर आपलें. जें आलें नाहीं, त्याची पुढें भीति. मांजराच्या पिलाचा हा काळ आणखी लवकरचा, दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंतचा. सोलापूरच्या पूर्व भागांत, जेथें एका भिंतीपलीकडे माग आणि अलीकडे चूल असा संसार चालतो, तेथें वाढलेलें पिलूं मागाच्या खडखडाटांत खुशाल झोपतें. तेंच कुत्रें शांत बंगल्यांत वाढून वर्षाचें झाल्यावर तेथें नेलें, तर तें शेंपूट पायांत घालून कोपरा धरतें. आवाज तोच, फरक फक्त वयाचा.

येथें पुष्कळ घरीं दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक, पांच आठवड्यांचें पिलूं आईपासून तोडून आणणें. भावंडांशीं खेळतांना जोरानें चावलें कीं दुसरें केकाटतें आणि खेळ थांबतो. त्यांतूनच दांतांना आवर घालणें तें शिकतें. आठ आठवडे पुरे होण्याआधीं त्याची ही शाळा सुटली, तर पुढें तें धड्याविना राहतें. दुसरी चूक, रोगाच्या भयानें चार महिने पिलास उंबरठ्याबाहेर न काढणें. लसी पूर्ण होईपर्यंत त्यास रस्त्यावर मोकळें सोडूं नये हें खरें. पण कडेवर घेऊन मंडईची गर्दी, एस. टी. चा भोंगा, टोपीवाले, बुरखेवाल्या, काठीवाले म्हातारे, शाळेंतून सुटलेलीं मुलें हें सारें दुरून दाखविण्यास कांहींच हरकत नाहीं.

कुत्र्यास ‘धाकांत’ ठेवलें पाहिजे, नाहीं तर तें घरावर सत्ता गाजवितें, ही समजूत फार पसरलेली आहे. तिचा उगमहि सांगण्यासारखा आहे. रुडॉल्फ शेंकेल यानें पिंजऱ्यांतील लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं त्यांच्यांतील श्रेष्ठकनिष्ठपणाच्या झगड्यांवर लिहिलें. तोच विचार १९७० सालीं डेव्हिड मेक यांच्या ग्रंथानें सर्वत्र नेला. पण रानांतील लांडगे वर्षानुवर्षें पाहिल्यावर मेक यांनींच १९९९ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं पिलें. तेथें पुढारीपण लढून मिळवावें लागत नाहीं. अनोळखी लांडगे एका आवारांत कोंडले म्हणजे ते भांडतात, ह्यावरून साऱ्या लांडग्यांचा, आणि त्यावरून घरच्या कुत्र्याचा स्वभाव ठरविणें, हें तुरुंगांतील कैदी पाहून कुटुंबाचें वर्णन करण्यासारखें झालें. तरीहि कुत्र्याला उलथें पाडून दाबून धरणें, घाणींत नाक घांसणें हे प्रकार चालूच आहेत. नाक घांसल्यानें पिलूं एवढेंच शिकतें कीं, माणसाच्या देखत लघवी करणें धोक्याचें. मग तें कपाटामागें जाऊन करतें. झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच त्यास ठराविक जागीं न्यावें व तेथें केल्यावर जागच्या जागीं खाऊ द्यावा, हाच सरळ मार्ग होय.

गुरगुरण्यास शिक्षा करणें ही तर सर्वांत धोक्याची गोष्ट. कुत्रें एकाएकीं चावत नाहीं. आधीं तें तोंड फिरवितें, जीभ ओठांवरून फिरवितें, झोप नसतां जांभई देतें; मग अंग ताठ होतें, डोळ्यांच्या कडांना पांढरें दिसूं लागतें; मग गुरगुरतें; आणि तरीहि समोरचा हटला नाहीं तर दांत लावतें. गुरगुरणें ही घंटा आहे. मारून मारून घंटा बंद पाडली तर आंत आग लागायची थांबत नाहीं, फक्त ती कळेनाशी होते. आणि ‘आमचें कुत्रें काहीं न करतां चावलें’ असें म्हणण्याची पाळी येते. लहान मुलें ह्या खुणा ओळखीत नाहींत. मिठी मारलेल्या कुत्र्याची जांभई पाहून त्यांना हसूं येतें. म्हणून खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिलांना पाजीत असलेल्या कुत्रीजवळ मुलांना जाऊं देऊं नये, आणि मोठ्या माणसाच्या नजरेआड मूल व कुत्रें एकत्र ठेवूं नयेत, मग तें कुत्रें कितीहि गरीब असो.

चावलेंच, तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें निदान पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांतलें कांहींहि लावूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. पाळलेल्या कुत्र्यानें ओरखडलें तरी हयगय नको, कारण पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वाचल्याचें उदाहरण अत्यंत विरळा आहे. पाश्चर यानें १८८५ सालीं पहिल्यानें माणसाला ही लस टोचली. पुढें हिंदुस्थानांत कसौली येथें १९०० सालीं पाश्चर संस्था निघाली. पोटांत चौदा सुया घेण्याचा तो काळ आतां गेला. लस दंडांतच, चार-पांच वेळां देतात. ह्या रोगानें कुत्र्याचा स्वभावच पालटतो हेंहि ध्यानांत असावें: प्रेमळ कुत्रें चिडकें होतें किंवा चिडकें एकदम गप्प बसून अंधार शोधतें, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. असें दिसल्यास त्याच्या तोंडांत हात घालून ‘हाड अडकलें कीं काय’ म्हणून पाहूं नये. तीन महिन्यांच्या पिलास पहिली लस आणि पुढें पशुवैद्य सांगेल तशी दरवर्षीं, एवढ्या खर्चांत हें सारें टळतें.

बांधून ठेवलेलें कुत्रें अधिक भुंकतें आणि अधिक चावतें, हें कोणत्याहि गल्लींत पाहण्यास मिळतें. त्याला पळतां येत नाहीं, म्हणून तें लढतें. नेहमीं साखळीला असणाऱ्या कुत्र्यास पुरेसें फिरवून न आणणें हें वर सांगितलेल्या १९६० च्या कायद्यांत क्रूरतेच्या प्रकारांत स्पष्ट घातलें आहे. वाचकांपैकीं थोड्यांनाच तें ठाऊक असेल. सोलापूरच्या उन्हाळ्यांत मात्र फिरवून आणण्याची वेळ संभाळली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिसाच्या वर चढतो आणि डांबरी रस्ता संध्याकाळीं सातालाहि पाय भाजवितो. हाताचा तळवा रस्त्यावर सात-आठ सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचा पंजाहि ठेववत नाहीं. पहांटे कंबर तलावाकडे किंवा होम मैदानाकडे एक फेरी, आणि रात्रीं ऊन पूर्ण निवाल्यावर दुसरी, हेंच बरें. दुपारीं घरांत दोरीची गांठ, पोकळ नारळाची करवंटी किंवा कापडांत गुंडाळून लपविलेली भाकरी शोधावयास दिली, तर डोक्याचा व्यायाम होतो, आणि त्यानेंहि कुत्रें थकतें.

ह्या भागांत आणखी एक गोष्ट घडते. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यांत मुधोळ आहे. तेथील घोरपडे घराण्याचे राजे मालोजीराव यांनीं ज्या सडपातळ, लांब तोंडाच्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली, तीं आज मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे त्यांना कारवानी म्हणतात. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें त्यांचें तिकीटहि काढलें. हें जनावर वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करतें. माळावर ससा हलला कीं सुटलें! असें कुत्रें हौसेनें आणून जुळे सोलापुरांत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्यें ठेवलें, म्हणजे खिडकींतून दिसणारें प्रत्येक मांजर आणि प्रत्येक स्कूटर हा त्याला ससा वाटतो. पळावयास जागा नाहीं, म्हणून तें गादी फाडतें. ह्यांत कुत्र्याचा दोष कोणता? जात निवडतांना रूप पाहण्याऐवजीं तिच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या कोणतें काम घेतलें गेलें हें पाहिलें असतें, तर हा प्रसंग येता ना. घराला राखण आणि सोबतच हवी असेल, तर गल्लींत जन्मलेलें देशी पिलूं पुष्कळदां अधिक सोयीचें ठरतें. उन्हाला तें सरावलेलें असतें.

मांजराची तऱ्हा निराळी. मांजर धन्याला खूष करण्याच्या फंदांत पडत नाहीं, म्हणून त्याच्या खोडी जागेची व्यवस्था बदलूनच सुटतात. सोफ्यावर नख्या घांसत असेल तर सोफ्याशेजारींच काथ्याची दोरी गुंडाळलेला, हलणार नाहीं असा खांब उभा करावा. मांजराला अंग पूर्ण ताणतां येईल एवढी त्याची उंची हवी. वाळूची पेटी सोडून बाहेर घाण करीत असेल, तर आधीं पेटी पाहावी. ती रोज साफ होते काय? ती जेवणाच्या ताटलीजवळ आहे काय? घरांत जितकीं मांजरें तितक्या पेट्या आणि वर एक, असा पशुवैद्यांचा हिशेब आहे. उभें राहून भिंतीवर मुताची धार सोडणें ही मात्र हद्द आंखण्याची रीत आहे. बोक्याची खच्ची केल्यास दहांपैकीं नऊ बोक्यांत ती थांबते किंवा फार कमी होते. जागा धुण्यासाठीं फिनेल वापरूं नये, कारण त्यांतील द्रव्यें मांजराच्या यकृताला पचत नाहींत, आणि ओल्या फरशीवरून चालून तें पंजे चाटतें. बोका पेटींत पुन्हां पुन्हां बसतो, कण्हतो, पण थेंबहि येत नाहीं असें दिसलें, तर ती खोड नव्हे. मूत्रमार्ग तुंबला आहे. त्याच घटकेला दवाखाना गांठला नाहीं तर तो एक-दोन दिवसांत मरतो.

सुताच्या ह्या गांवांत मांजर आणि धागा यांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. मांजराच्या जिभेवरील बारीक कांटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळें तोंडांत गेलेला धागा त्याला थुंकून टाकतां येत नाहीं. तो आंतच ओढला जातो. एक टोंक जिभेखालीं किंवा पोटांत अडकून राहिलें, तर आंतडीं त्या धाग्यावर नाडीवरच्या लेंग्यासारखीं चुण्या घेतात आणि शेवटीं कापलीं जातात. कांड्या, सुताच्या गुंड्या, शिवणाची सुई हीं रात्रीं पेटींत बंद करावीं. मांजराच्या तोंडांतून किंवा मागून धागा लोंबतांना दिसला तर तो कधींहि ओढूं नये. तसेंच त्याला वैद्याकडे न्यावें.

पिंजऱ्यांतला पोपट स्वतःचीं पिसें उपटूं लागला म्हणून पुष्कळ घरीं काळजी करतात. त्याला उपाय विचारण्याआधीं हें कळलें पाहिजे कीं, आपल्याकडचा रानपोपट पाळणेंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. थव्यानें राहणाऱ्या पांखराला एकटें कोंडल्यावर तें आणखी काय करणार?

आतां भीतीची गोष्ट. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांच्या मिरवणुकी निघतात, आणि होम मैदानावर शोभेचें दारूकाम होतें. माणसें तें पाहावयास लांबून लांबून येतात. त्याच रात्रीं शहरांतील कित्येक कुत्रीं पलंगाखालीं थरथरत असतात, आणि दिवाळीप्रमाणेंच ह्याहि वेळीं कांहीं दाव्यासकट पळून जातात. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा. शिवाय हा आवाज कोठून आला आणि कां आला, हें त्यास कळण्याचा मार्ग नाहीं. त्या रात्रीं कुत्र्यास आंतल्या खोलींत, पडदे लावून, पंखा व रेडिओ चालू ठेवून बसवावें. दिवस मावळण्यापूर्वींच फिरवून आणून जेवूं घालावें. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्यानें भीति वाढते ही समजूत चुकीची आहे. त्यास खुशाल जवळ घ्यावें. दारें बंद आहेत ना हें दोनदां पाहावें, आणि गळपट्ट्याला पत्ता व दूरध्वनिक्रमांक कोरलेला बिल्ला असावा.

पण ही एका रात्रीची सोय झाली. भीति मोडण्याचें काम पावसाळ्यांतच आरंभावें लागतें. फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत, कुत्र्याचे कान जेमतेम टवकारतील एवढ्या बारीक आवाजांत लावावी, आणि ती चालू असेपर्यंतच त्याच्या आवडीचा खाऊ थोडा थोडा देत राहावा; फीत बंद, खाऊ बंद. आठवडाभर कुत्रें निवांत राहिलें तरच आवाज एक घर वाढवावा. मध्येंच तें खाणें सोडून दाराकडे पाहूं लागलें, तर आपण घाई केली असें समजून दोन घरें मागें यावें. ज्यांची भीति फारच खोल आहे, त्यांना पशुवैद्य औषध देतो. पण त्या गोळीची मात्रा कोणत्या कुत्र्यास किती लागू पडते हें आधीं एखाद्या शांत दिवशीं पाहून ठेवावें लागतें, म्हणून दवाखान्यांत जावयाचें तें डिसेंबरांत.